मोबाईलातला मुंजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातल्या एका पोराने चार महिन्यांपूर्वी तेरा हजारांचा फोन हप्त्यावर घेतला. डबा फोडला तर आत तीस-पस्तीस अ‍ॅप आधीच भरलेली. त्यातली निम्मी काढता येत नाहीत, आणि लॉक स्क्रीनवर झटपट कर्जाच्या जाहिराती येतात. आता तो व्हिडिओ पाहून बूटलोडर (फोन चालू करणारा आतला प्रोग्रॅम, कंपनीने कुलूप लावलेला) उघडायचा आणि दुसरी रॉम (म्हणजे फोनची सगळी सिस्टिमच) टाकायची म्हणतो. घरातले मोठेबाबा म्हणतात, ‘मोबाईलात मुंजा बसला हाय, तो असा निंघत नसते.’ पोराने मला दोन गोष्टी विचारल्या: रॉम टाकू का, आणि मोठेबाबांना काय सांगू?

रॉमचं आधी सांगून टाकतो. या फोनवर नको. का नको, ते जरा लांबेल. मोठेबाबांचं म्हणाल तर त्यांचं बरोबर आहे.

मी बावीस वर्षं मोबाईल दुरुस्त करतो. दुकान बसस्टँडच्या मागे, दारात पिंपळ, पिंपळाला पार आणि पाराला टेकून पानठेला. सुरुवातीच्या काळात हाताखाली नोकिया 1100 यायचा. नखाने झाकण काढायचं, बॅटरी पुसायची, चार-सहा स्क्रू सोडले की फोन मोकळा. कित्येक कास्तकार कीपॅड घरीच धुऊन वाळत घालायचे आणि आवाज येईना झाला तरच माझ्याकडे यायचे. आज तेरा हजारांच्या फोनची बॅटरी बदलायची तर मागचं पॅनल तापवा, गोंद सुटेपर्यंत पातळ पत्री सरकवत न्या, आणि हे सगळं करून काही फोन वर तोंड करून सांगतात की ही बॅटरी ओरिजिनल नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, मीच लबाडी केली.

तर मुंजाचं. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी लाइन गेली होती. सोल्डरिंग थंड, हातातला बोर्ड तसाच. पानठेलेवाला खर्रा घोटता घोटता म्हणाला, वर बसलेल्या मंडळींना या मोबाईलबद्दल काय वाटत असेल? आणि त्याने तिथल्या तिथे पिंपळावर सभा भरवली. सगळे आवाज त्याचेच.

मुंजा म्हणे, ‘मी शंभर वर्सं झाली या झाडावर बसतो, पन झाड माहं हाय असं कधी म्हनलो नाही. हा मोबाईलातला तं बसते, वरतून जाहिरातबी दाखवते, अन् भाडं मालकाकून घेते.’

हडळ म्हणाली, ‘माहे पाय उलटे, म्हून लोकं मले दुरून वळखतात. याचे पाय कोनी पाह्यले काय?’

चकवा सगळ्यात जास्त तापला होता. ‘माहा धंदा बसवला ना बाप्पा यानं! मी मानसाले रातभर एकाच वावरात फिरवत होतो, पन उजाडलं का सोडत होतो. हा सेटिंगातून सेटिंगात नेते, तिथून पुन्हा पह्यल्या पानावर. उजाडतच नाही!’

खविस म्हणे, ‘मले एका उताऱ्यात एक कोंबडी पुरते. याले दर महिन्याच्या पाच तारखेले पाह्यजे.’

‘अन् मांत्रिक?’ मी विचारलं. पानठेलेवाल्याने माझ्याकडे बोट केलं. ‘मांत्रिक म्हनते, एफआरपीचं कुलूप काढाचे दोनशे लागतीन, अन् ग्यारंटी नाही.’

लाइन आली आणि सभा उठली. पण चकवा जे बोलला ते माझ्या डोक्यातून जाईना. कारण त्याच्याइतकं नेमकं मला कोणत्याही कंपनीच्या अटी-शर्तींमध्ये सापडलेलं नाही. ‘हो’चं बटण निळं आणि अंगठ्याखाली, ‘नाही’चं फिकट करड्या रंगात, तेही ‘नंतर’ या नावाने.

ही अ‍ॅप तुझ्या फोनमध्ये आली कुठून? स्वस्त फोनवर कंपनीला फार काही सुटत नाही. शाओमीने तर 2018 मध्ये उघड जाहीर केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा 5 टक्क्यांवर जाऊ देणार नाही. मग उरलेला पैसा येतो जाहिरातींतून आणि आधीच भरून दिलेल्या अ‍ॅपमधून. तुझे तेरा हजार ही फोनची पूर्ण किंमत नाही असं धर. उरलेली तू रोज स्क्रीन उघडून फेडतोस. यात चोरी नाही, सौदा आहे, फक्त सौद्याचा दुसरा भाग डब्यावर छापलेला नाही.

यावर कायदा काय करतो? आमच्याकडे सीसीआय म्हटलं की कापूस, म्हणजे कॉटन कॉर्पोरेशन. दुसरी एक सीसीआय दिल्लीत आहे, स्पर्धा आयोग. तिने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोकला, आणि सोबत आदेश दिला की फोनमध्ये आधीच भरलेली गुगलची अ‍ॅप लोकांना काढता आली पाहिजेत. मी ती बातमी पानठेल्यावर वाचून दाखवली होती. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार आदेश रद्द केले. अ‍ॅप काढू देण्याचा आदेश त्या चारात होता. दंड सरकारला, अ‍ॅप तुला.

आणि फक्त कंपन्यांनाच हा मोह होतो असं समजू नको. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप भरायचा आदेश काढला होता. ओरड झाली आणि आठवड्याच्या आत सक्ती मागे घेतली. ते अ‍ॅप कामाचं आहे, हरवलेला फोन बंद करायला मी स्वतः लोकांना तेच सांगतो. पण कामाचं असणं वेगळं आणि न विचारता घरात येऊन बसणं वेगळं.

आता तुझा फोन. बूटलोडर न उघडता नव्वद टक्के त्रास जातो, आणि तो रस्ता असा आहे. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघड, बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार. (काही फोनांत बिल्ड नंबरऐवजी कंपनीच्या सिस्टिमचं नाव असतं, त्यावर.) डेव्हलपर ऑप्शन उघडतील. त्यात यूएसबी डिबगिंग चालू कर, केबलने कॉम्प्युटरला जोड, फोनवर परवानगी विचारेल ती दे. मग एडीबी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममधून एकेक अ‍ॅप बंद करता येतं. केबल मात्र डेटावाली घे. बाजारात तीस रुपयांना मिळते तिच्यातून नुसती वीज जाते, आणि पोट्टे दोन तास ड्रायव्हर शोधत बसतात.

यात दोन हुकूम आहेत: एक अ‍ॅप झोपवतो, दुसरा तुझ्या वापरातून काढतो. काढलं तरी ते सिस्टिमच्या भागात पडून असतंच. जागा मोकळी होत नाही, आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की सगळी वरात परत दारात. म्हणजे मुंजा झाडावरच आहे, फक्त त्याचं तोंड बांधलं. चालतंय की. जाहिराती थांबतात, बॅटरी वाचते, वॉरंटीला धक्का नाही, फोनपे-गुगलपे चालू राहतात. काम झालं की डेव्हलपर ऑप्शन बंद कर, काही बँकांची अ‍ॅप ते चालू दिसलं तरी रुसतात.

आधी झोपव, चार दिवस वापर, मगच काढ. हे मी अनुभवाने सांगतो. 2021 मध्ये एका गिऱ्हाइकाच्या फोनमधून मी एक अ‍ॅप जाहिरातवालं समजून थेट काढलं. नाव तसंच होतं. फोन बंद करून चालू केला तर कंपनीचं चिन्ह येतंय, जातंय, येतंय, जातंय. ते अ‍ॅप सिस्टिमला चालू होताना लागत होतं. बूटलोडर बंद, त्यामुळे आत शिरायला वाट नाही. शेवटी सगळं पुसून फोन उभा केला. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. त्याने मला शिवी दिली नाही, पैसेही विचारले नाहीत, हेच जास्त लागलं. तेव्हापासून फोन हातात घेतला की मी आधी विचारतो, फोटो कुठे कुठे आहेत?

बूटलोडर उघडायचं म्हटलं तर पहिल्याच झटक्याला फोनमधलं सगळं पुसलं जातं. ते ठीक, घेऊ कॉपी. पण फोनमध्ये एक साखळी असते: चालू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो. बूटलोडर उघडला की ती साखळी तुटली अशी नोंद होते, आणि अ‍ॅप गुगलला विचारू शकतं की हा फोन धड आहे का. उत्तर ‘नाही’ आलं की बँकेचं अ‍ॅप दार लावून घेतं. यूपीआयचंही काही खरं राहत नाही. सॅमसंगच्या फोनात तर एक इवलासा फ्यूज कायमचा उडतो, पुन्हा कंपनीची सिस्टिम टाकली तरी तो जुळत नाही. काही सिनेमावाली अ‍ॅप खालच्या दर्जाचं चित्र दाखवतात. शाओमीने बराच काळ लोकांना अर्ज केल्यावर 168 तास वाट पाहायला लावली. गुगलच्या पिक्सेलमध्ये आणि मोटोरोलाच्या बऱ्याच फोनांत सरळ परवानगी मिळते, पण तुझा फोन त्यातला नाही. आणि तेरा हजारांतल्या मीडियाटेक चिपच्या फोनला लिनिएजओएससारखी नीट सांभाळलेली रॉम मिळणं कठीण. व्हिडिओतला तो पोट्टा जी रॉम देतोय ती कोणी बनवली, आत काय घातलं, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. एका मुंजाला काढून दुसरा बसवायचा, तोही परगावचा.

तुझ्या घरात यूपीआय या एकाच फोनवर आहे. म्हणून नको म्हटलं.

दुसरं कारण हप्ता. हप्त्याच्या फोनमध्ये पुष्कळदा एक वेगळं कुलूप असतं, कर्ज देणाऱ्याचं. हप्ता चुकला की स्क्रीन बंद, फक्त तातडीचा कॉल आणि पैसे भरायचा नंबर. गेल्या हंगामात एक कास्तकार असाच बंद फोन घेऊन सकाळी आठला दुकानाच्या पायरीवर बसला होता. हप्ता भरला होता, पावती खिशात. कंपनीच्या कॉम्प्युटरला ते दोन दिवस उशिरा कळणार होतं. आणि त्या वर्षीपासून सीसीआयला, कापसाच्या सीसीआयला, हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट लागतो. बाहेर ट्रॅक्टर नाही, पण घरात खोलीभर कापूस, आणि त्याची चावी एका बंद स्क्रीनच्या मागे. मी त्याचं सिम काढून दुकानातल्या जुन्या फोनमध्ये टाकलं, ओटीपी आला, स्लॉट मिळाला. तो गेला आणि मी त्या फोनला हात लावला नाही.

लावता आला असता. ते कुलूप काढायची साधनं बाजारात आहेत. मी काढत नाही, कारण तो कागद त्याने सही केलेला आहे. आणि माझ्या दुकानात चोरीचा फोनही याच तोंडाने येतो, ‘भाऊ, कुलूप काढून द्या.’ कोणतं कुलूप मालकाच्या विरोधात आणि कोणतं त्याच्या बाजूचं, हे दरवेळी पाहावं लागतं. अँड्रॉइडमध्ये 2015 च्या सुमारास एफआरपी आलं, म्हणजे फोन पुसला तरी जुनं गुगल खातं मागतं. लोक त्याला शिव्या देतात, कारण आईला जीमेलचा पासवर्ड आठवत नाही. पण त्यामुळे चोराला फोन विकणं जड जातं. ते कुलूप मला आवडतं. त्याची किल्ली फोनच्या मालकाकडे असते.

किल्ली कोणाकडे, एवढंच मी पाहतो. आणि इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगतो.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रॅमर एमआयटी विद्यापीठात काम करायचा. प्रयोगशाळेतला प्रिंटर अडकायचा. आधीच्या प्रिंटरमध्ये त्याने स्वतः सुधारणा केली होती, अडकला की लोकांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, जो वाचून बदलता येतो) मागितला तर मिळाला नाही. त्या रागातून पुढे 1983 मध्ये त्याने सगळ्यांना मोकळी असलेली सिस्टिम बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, 1989 मध्ये जीपीएल परवाना आला. त्याची यादी अशी: वापरा, वाचा-बदला, वाटा, बदललेलंही वाटा. लिनक्स त्याच परवान्याखाली आहे आणि तुझ्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. म्हणजे फोन कंपनीला त्या कर्नलचा सोर्स तुला द्यावाच लागतो. पण बूटलोडर बंद असेल तर तो बदलून त्याच फोनवर चालवता येत नाही! हा खेळ टीव्हो नावाच्या टीव्ही रेकॉर्डरने आधी केला. त्याला अडवायला 2007 मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती निघाली, लिनक्स मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं.

हे मी वाचत होतो तेव्हा समोर पानठेल्यावर सरकीच्या पाकिटाचा भाव चालला होता, आणि मला एकदम वाटलं, अरे, हे तर आपल्याकडचंच आहे. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 वाच. कास्तकाराला बियाणं राखून ठेवण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा, विकण्याचा हक्क आहे, फक्त ब्रँडच्या पाकिटात घालून विकता येत नाही. स्टॉलमनच्या यादीशी किती जुळतं! आणि 2002 पासून आपल्या वावरात बीटी कापूस आला तो संकरित. त्याची सरकी राखून पेरली तर दुसऱ्या वर्षी पऱ्हाटी एकसारखी येत नाही. हक्क कायद्यात आहे आणि कुलूप बियाण्यातच आहे. फोनचं तसंच: सोर्स मिळतो आणि बूटलोडर बंद. अ‍ॅप काढू देण्याचा आदेश तर कागदावरही टिकला नाही.

म्हणून हल्ली कोणी नवी वस्तू घ्यायला निघाला की मी कागद पाहत नाही, वस्तू पाहतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या साळ्याचा सौरपंप बंद पडला. हरभरा घाट्यावर आलेला, दुसरं पाणी द्यायचं होतं. मी गेलो, पॅनलखाली वाकून पाहिलं तर एक एमसीफोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा) वितळून काळा पडला होता. साठ-सत्तर रुपयांची वस्तू, माझ्या पेटीत होती. पण जोडणीला कंपनीचं सील, सील तोडलं तर पाच वर्षांची हमी गेली. कंट्रोलरमध्ये सिम आहे, पंप चालतो की नाही हे दूर कुठेतरी दिसतं म्हणतात. दिसलं असेल. माणूस यायला एकोणीस दिवस लागले. त्याने येऊन तोच कनेक्टर बदलला, दहा मिनिटांत. मी बांधावर उभा राहून पाहत होतो.

ट्रॅक्टरचंही तेच होणार आहे. आपल्याकडे 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना कडक प्रदूषण नियम लागले, त्यामुळे त्यांच्या इंजिनात आता इलेक्ट्रॉनिक मेंदू बसतो. बिघाड काय, हे कंपनीचा स्कॅनर लावल्याशिवाय मिस्त्रीला कळत नाही. अमेरिकेतले शेतकरी यावरून जॉन डीअर या ट्रॅक्टर कंपनीशी वर्षानुवर्षं भांडले. कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतीच्या यंत्रांसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्या ग्राहक विभागानेही 2022 मध्ये समिती नेमली, त्यात पहिलंच क्षेत्र शेतीची अवजारं आणि दुसरं मोबाईल. डिसेंबर 2022 मध्ये पोर्टलही निघालं. दुरुस्तीचे भाग आणि माहिती द्यायला भाग पाडणारा कायदा मात्र अजून माझ्या टेबलापर्यंत पोचलेला नाही. पोचेल तेव्हा पानठेल्यावर चहा माझ्याकडून.

पोरा, तुझ्यासाठी एवढं कर. हप्ते संपेपर्यंत बूटलोडरला हात लावू नको. कपाटात जुना फोन पडला असेल, काच फुटलेला असला तरी चालेल, मॉडेल नंबर बघून ठेव. त्याला धड रॉम मिळत असेल तर बूटलोडर त्याच्यावर उघडू, बिघडला तरी कोणाचा कापूस अडत नाही. मोठेबाबांना सोबत आण, चकव्याचं भाषण त्यांना पानठेलेवाल्याच्या तोंडूनच ऐकायला पाहिजे. बाजाराचा दिवस सोडून ये, दुपारी दोननंतर गर्दी नसते. फोन निम्म्याच्या वर चार्ज असू दे, आणि फोटोंची कॉपी घरूनच काढून आण.